राजीनाम्यावर सही माझी, शब्द त्यांचे

(पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून, आखडून देते आहे.)

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांचा. नाशिकच्या सिडकोत स्वतःचं घर आहे, अजून सहा वर्षं हप्ते आहेत. अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत १९ वर्षं काढली. ऑपरेटर म्हणून लागलो, शेवटी क्वालिटीत सुपरवायझर होतो. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका लॉटमध्ये बोअरचं, म्हणजे पार्टच्या आतल्या भोकाचं, माप लिमिटबाहेर येत होतं. मी माल होल्डवर टाकला, लाल टॅग लावला, रजिस्टरला नोंद केली. महिनाअखेर होती, बिलिंगची घाई. साहेबांनी टॅग काढायला लावून माल पाठवला. तो कस्टमरच्या लाइनवर अडकला, अख्खा लॉट परत आला, वर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली. चार दिवसांनी मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला. टाइप केलेला राजीनामा तयारच होता, त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेलं. सही केलीत तर रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ, नाहीतर टर्मिनेट करू, मग नाशकात कुणी दारात उभं करणार नाही, असं म्हणाले. मी सही केली. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलंसुद्धा.

आता रात्री तीनला जाग येते. त्या केबिनमध्ये मी काय बोलायला हवं होतं ते सुचत राहतं. ज्याच्याबरोबर अकरा वर्षं डबा खाल्ला तो फोन उचलत नाही. मेहुणे म्हणतात, सोडून द्या, नवीन बघा. बायको काही म्हणत नाही, पण तिने शिकवणीच्या दोन बॅच वाढवल्यात. मुलगी बारावीला आहे. निफाडला वडिलांना अजून सांगितलेलं नाही. ते फोनवर विचारतात, 'आज शिफ्ट कुठली?' आणि मी काहीतरी सांगतो.

मला एवढंच वाटतं, साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर कबूल करावं की चूक याची नव्हती. मग मी सगळं विसरेन. मला न्याय मिळेल का? आणि नाही मिळाला तर हे डोक्यातून जाईल का?

एक नाशिककर

ता. क. सिन्नरच्या एका कंपनीतून फोन आला होता. पद खालचं, पगार सात हजारांनी कमी. मी परत फोन केला नाही.

नमस्कार.

मी एकच बाजू ऐकली आहे. साहेबांना विचारलं तर ते वेगळं काही सांगतील. पण मोबाइल बाहेर ठेवायला लावणं, कागद आधीच टाइप करून ठेवणं आणि घरी विचारायला एक रात्रसुद्धा न देणं, याला दुसरी बाजू काय असणार? तेव्हा तुमच्यावर अन्याय झाला हे मी धरूनच चालते. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे वाक्य माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. ते म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा समोरच्याचं दुःख ऐकायचा कंटाळा आलेला असतो.

आधी त्या सहीबद्दल. साहेबांवर जितके चिडला आहात त्याहून तुम्ही स्वतःवर जास्त चिडलेले दिसता. दार बंद, समोर दोघं-तिघं, डोक्यात घराचा हप्ता आणि मुलीची बारावी. अशा वेळी भलेभले सही करतात. रात्री तीनला जी खणखणीत उत्तरं सुचतात ती तेव्हाच सुचतात, कारण तेव्हा समोर एचआर बसलेला नसतो. आणि त्यातलं एखादं उत्तर तुम्ही खरंच दिलं असतं, तरी ते लोक 'अरे हो, आमचं चुकलं' असं म्हणाले नसते. कागद आधीच छापला होता.

आता तुमच्या मूळ पत्रात वारंवार येणारी गोष्ट: त्यांनी कबूल करावं. ते करणार नाहीत. टॅग आपणच काढायला लावला असं साहेबांनी मान्य केलं तर डेबिट नोटचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटणार. राजीनामा दाबून घेतला असं कंपनीने मान्य केलं तर उद्या तेच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहणार. या कबुलीत कुणाचाच फायदा नाही, तुमचा सोडून. आणि तुम्ही तर तुमची झोप, तुमचं जेवण, सिन्नरला करायचा फोन, सगळं त्या कबुलीवर अडकवून ठेवलं आहे. ज्या साहेबांनी तुमचा लाल टॅग काढला, त्यांच्याच मर्जीवर आता तुमचं बरं होणंही सोडलंय. एवढा मान त्यांना कशासाठी द्यायचा?

म्हणून तुम्ही ज्याला 'न्याय' म्हणताय त्याचे भाग पाडू या. पैसा आणि कागद हा एक भाग, तो मागता येतो, कधीकधी मिळतोही. दुसरा भाग म्हणजे नाव. शॉप फ्लोअरवर ज्यांनी तो टॅग पाहिला त्यांच्या लेखी तुमचं नाव जसं होतं तसंच आहे, ते फक्त तोंड उघडत नाहीत. तिसरी ती कबुली. तिची वाट पाहणं सोडा. राग सोडा असं मी म्हणत नाही.

पैशाबद्दल आधी लिहिते, कारण संतापाच्या भरात लोक हाच भाग विसरतात. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही, सलग पाच वर्षं नोकरी झालेली असली की ती हक्काची. हिशोब असा, की शेवटच्या पगाराला (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. समजा ती रक्कम २६,००० असेल, तर वर्षाला १५,००० आणि १९ वर्षांचे २,८५,००० रुपये. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार नोकरी सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत हातात पडायला हवा, राजीनामा असला तरीही. 'फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशोबाला) दीड-दोन महिने लागतातच' हे आता ऐकून घ्यायचं कारण नाही. यातलं काही अडकलं असेल तर आजच लेखी मागा, ई-मेलने आणि स्पीड पोस्टानेही.

राजीनाम्याला आव्हान देता येतं का? येतं, पण दबाव टाकून सही घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. त्यामुळे जितका उशीर तितकी बाजू लंगडी. दुसरी अडचण तुमच्या पदाची. १८,००० रुपयांच्या वर पगार घेणारा सुपरवायझर कायद्याच्या व्याख्येत कामगार धरला जात नाही. मात्र कार्डावर काय छापलंय यापेक्षा माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करत होता हे न्यायालयं पाहतात. तुम्ही दिवसातला बहुतेक वेळ बोअर गेज आणि व्हर्नियर घेऊन मापंच तपासत असाल, कुणाची रजा मंजूर करायचे अधिकारही तुम्हाला नसतील, तर बाजू मांडायला जागा आहे. हे कामगार खटले चालवणाऱ्या वकिलाला विचारा. मेहुण्यांच्या ओळखीतल्या, जमिनीचे दावे बघणाऱ्या वकिलाला नको. जाण्याआधी एका कागदावर तारीख, वेळ, केबिनमध्ये कोण कुठे बसलं होतं, कोण कोणत्या शब्दांत काय बोललं, हे सगळं लिहून काढा. टॅग लावल्याची नोंद रजिस्टरच्या कुठल्या तारखेला आहे तेही लिहा.

एवढं करून लढायचं की नाही हे बायकोबरोबर बसून ठरवा. खटल्याला वर्षं लागतात आणि जिंकलात तरी निकालपत्रात साहेबांची माफी नसते. लढला नाहीत तर भेकड ठरत नाही, लढलात तर भांडकुदळ ठरत नाही. फक्त ठरवा. सध्या तुम्ही ना लढताय ना सोडताय, आणि माणूस सगळ्यात जास्त थकतो तो इथेच.

आता राग. तो कुठेतरी ठेवायला जागा लागते. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला तुमचं पत्र वाचताना आठवला. मोठ्या कंपनीतून एकदम काढून टाकलेले ६३ अनुभवी लोक होते, बरेचसे इंजिनिअर आणि तुमच्यासारखेच दुखावलेले. त्यातल्या काहींना सलग पाच दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे काही आहे ते लिहायला सांगितलं. शुद्धलेखनाची फिकीर नको, कुणाला दाखवायचं नाही. काहींना साध्या, बिनभावनेच्या विषयावर लिहायला दिलं, काहींना काहीच नाही. पुढच्या महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते. अभ्यासकांचा अंदाज असा, की राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत डोकावला नाही.

तो डोकावतोच. समोरचा विचारतो, 'आधीची नोकरी का सोडली?' आणि आपला आवाज चढतो, आपण बोअरच्या मापापासून सुरुवात करतो. नाशिक तर लहान गाव. अंबडमध्ये कुणी शिंकलं की सातपूरला लोक विचारतात, सर्दी झाली का? तुमची गोष्ट तुमच्या आधी तिथे पोहोचलेली असू शकते. म्हणून एक उत्तर आधीच पाठ करून ठेवा: 'एका लॉटवरून वरिष्ठांशी मतभेद झाले, मी माल थांबवण्याच्या बाजूने होतो. त्यानंतर बाहेर पडावं लागलं.' एवढंच. खरं आहे, लहान आहे आणि ज्याला क्वालिटी कळते त्याला त्यातलं न बोललेलंही कळेल. व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर मात्र यातलं अक्षरही लिहू नका.

मनातलं लिहायला एक वही करा आणि तिला वेळ ठरवून द्या, संध्याकाळी पाच ते साडेपाच म्हणा. त्यात साहेबांना हव्या त्या शिव्या घाला. रात्री तीनला जाग आलीच तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एक ओळ खरडायची आणि बाकीचं पाचला. पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटेल. तरी करा.

आणि दिवसाचं काय? नव्वदेक वर्षांपूर्वी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली सूतगिरणी बंद पडली आणि जवळजवळ गावच बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले, लोकांचं निरीक्षण केलं. वाटलं होतं, रिकामा वेळ आहे तर लोक वाचतील. पण वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं, फी माफ असूनही. मग त्यांनी घड्याळ लावून मुख्य रस्त्यावर माणसं कशी चालतात ते मोजलं. पुरुष रेंगाळत, पुन्हापुन्हा थांबत. बायका त्यांच्यापेक्षा भराभर चालत होत्या. कारखाना बंद पडला तरी त्यांचा स्वयंपाक, धुणं, मुलं काही बंद पडली नव्हती. याहोडाने पुढे मांडलं, की नोकरी पगाराशिवायही बरंच काही देत असते. दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, चारचौघांत ओळख, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही भावना. तुमचं हे सगळं एका दुपारी गेलं, आणि मेहुणे समजतात फक्त पगार गेला.

हे वाचताना मला तुमच्या घरातल्या त्या वाढवलेल्या दोन बॅच दिसल्या. संध्याकाळी बायको शिकवत असते तेव्हा तुम्ही कुठे असता? पत्रात ते नाही. माझं ऐका, रात्रीचा स्वयंपाक तुमच्याकडे घ्या. मदत म्हणून नको, मदतीला कुणी जबाबदारी म्हणत नाही. पूर्ण तुमच्याकडे, भाजी आणण्यापासून ओटा पुसेपर्यंत. पोळ्या पहिल्या आठवड्यात लिमिटबाहेर जातील, रिजेक्शन तुम्हीच खा. पण आठ वाजता ताटं वाढली नाहीत तर कुणीतरी उपाशी राहणार आहे, हे तुम्हाला सध्या हवं आहे. शिवाय ती काही म्हणत नाही असं तुम्ही लिहिलंय. बॅच वाढवल्या हेच तिचं म्हणणं आहे, त्याला तुमच्याकडून उत्तर जाऊ द्या.

सकाळी घरात बसू नका. पाथर्डी फाट्याकडून पांडवलेणी किती लांब? रोज पहाटे चढणाऱ्यांची तिथे रीघ असते आणि तुम्ही काय करता हे कुणी विचारत नाही. त्यानंतर दोन-तीन तास टेबल-खुर्चीवर बसून नोकरी शोधायची. घरी जमत नसेल तर सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० पासून ते गावाच्या उपयोगी पडतंय, तुमच्याही पडेल.

डब्याच्या मित्राबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं नोकरीपेक्षा ती गोष्ट जास्त खोल लागली आहे. साहेब शेवटी साहेब, पण याने तुमच्या घरची भाजी अकरा वर्षं खाल्ली. तुम्ही त्याला भित्रा म्हणत असाल. असेलही. पण त्याच्या जागी बसून पाहा. तुम्हाला काढलेलं त्याने पाहिलं आहे. टॅगची नोंद त्यालाही माहीत आहे. तुमचा फोन उचलला तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलणार, हेही त्याला माहीत आहे: 'तू सांगशील ना, काय घडलं ते?' त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा फोन माणूस उचलत नाही. तेव्हा एक मेसेज टाका: 'कंपनीचा विषय काढणार नाही. रविवारी मिसळ खायला येतोस का?' आला तर शब्द पाळा, निदान पहिल्या खेपेला. तर्री, पाऊस, पोरांचे मार्क, एवढंच. साक्षीदार म्हणून त्याला ओढायचं की नाही हा वकिलाचा प्रश्न, मिसळीच्या टेबलावरचा नव्हे. नाही आला तर वाईट वाटेल आणि ते वाटू द्या. अकरा वर्षांचं माणूस गेलं तर वाईट वाटायलाच हवं.

वडिलांना मात्र या आठवड्यात सांगा, आणि फोनवर सांगू नका. 'शिफ्ट कुठली' याला रोज नवं उत्तर शोधणं हेही एक कामच आहे, आणि ते तुम्ही फुकट करताय. निफाड काही लांब नाही, सकाळी निघालात तर जेवायला पोहोचाल. त्यांना धक्का बसेल म्हणून तुम्ही लपवताय, हे समजतं. पण निफाडच्या शेतकऱ्याने तयार द्राक्षांवर गारपीट पाहिलेली असते, ट्रॅक्टरभर कांदा वाहतूकही सुटणार नाही अशा भावाला देऊन रिकाम्या हाताने घरी आलेला असतो. कष्ट आपले आणि भाव दुसऱ्याने ठरवायचा, हे त्यांना तुम्ही समजावून सांगायची गरज नाही. कदाचित ते साहेबांना चार शिव्या देतील आणि विचारतील, हप्त्याचं काय? दोन्ही ऐकून घ्या. त्यांना बाहेरून कळलं तर मात्र नोकरी गेल्याचं सोडून देतील आणि लपवल्याचं धरून बसतील.

मुलीलाही पूर्ण सांगा. बारावीची मुलं घरातली कुजबुज बरोबर ओळखतात आणि मनाने त्यात भर घालतात.

एक गोष्ट स्पष्टच विचारते. रात्री तीनला केबिनमधली उत्तरं सुचण्यापलीकडे, 'मी नसतो तर बरं झालं असतं', 'विम्याचे पैसे तरी मिळतील', असं काही मनात येतं का? येत असेल, किंवा दारूचं प्रमाण वाढलं असेल, दोन-तीन आठवडे अन्नावरची वासना उडाली असेल, तर वही आणि पांडवलेणी पुरणार नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं. तिथे बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. क्वालिटीतल्या माणसाला सांगायला नको, की माप हलायला लागलं तेव्हाच थांबून पाहायचं असतं, रिजेक्शन येईपर्यंत थांबायचं नसतं.

'हे डोक्यातून जाईल का?' या प्रश्नाचं माझं उत्तर: पूर्ण जाणार नाही. वर्षभराने कधीतरी लाल टॅग दिसेल आणि पोटात कालवेल. पण आज ते दिवसभर तुमच्या उरावर बसलंय, तेव्हा चहा संपेपर्यंत बसेल आणि उठून जाईल.

राहिलं सिन्नर. पत्रात तुम्ही ते सगळ्यात शेवटी, ता. क. म्हणून लिहिलंत, पण माझ्या मते पत्रातली तातडीची गोष्ट तीच आहे. पद खालचं घेतलं तर साहेबांचं खरं ठरेल, असं कुठेतरी वाटतंय ना? साहेबांना तुम्ही सिन्नरला काय म्हणून लागलात याची खबरही नसेल. पगार कमी आहे, जायला-यायला वेळ जाईल, सिन्नर रस्त्यावरचं ट्रॅफिक आहेच. हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि ते त्यांनाच विचारण्यासारखे आहेत: बस कुठपर्यंत येते, सहा महिन्यांनी पगार बघणार का, ओव्हरटाइम कसा आहे. नोकरी घ्याच असं मी म्हणत नाही. परत फोन करा, एवढंच म्हणते. आणि सकाळी अकराच्या आत करा, दुपारी क्वालिटीचा माणूस लाइनवर असतो, फोन उचलत नाही.